हॅशपुढची माणसं

पशुखाद्याचा फॉर्म्युला काढणारी एक फाइल माझ्याकडे आहे. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात जितकं गणित आहे, जवळजवळ तितक्याच नोंदी आहेत. मॅथप्रॉग नावाच्या ज्या भाषेत ती लिहिली आहे, तिच्यात हॅशचं चिन्ह आलं की त्या ओळीतलं पुढचं सगळं यंत्र सोडून देतं. तिथं माणसानं माणसासाठी हवं ते लिहावं. मी तिथं रोमन अक्षरांतल्या मोडक्यातोडक्या मराठीत, कोणती अट मला कुणी सांगितली ते लिहीत गेलो. ‘मळी 100 किलोच्या आत, आप्पा.’ ‘युरिया 10 च्या वर नाही, डॉक्टर.’ ‘भुईमूग पेंड 50 तरी, चेअरमन.’ बघता बघता ती फाइल वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी झाली. फरक एवढाच, की इथं सगळी उधारी एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर आहे, आणि ते गिऱ्हाईक मी.

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्यात मी लागलो, तेव्हा फॉर्म्युला पिअरसन स्क्वेअरने काढला जायचा. एक चौकोन काढायचा, डावीकडच्या दोन कोपऱ्यांत दोन मालांची प्रथिनं लिहायची, मधोमध हवी ती टक्केवारी लिहायची आणि तिरप्या वजाबाक्या करून कोणता माल किती ते काढायचं. एका बाजूला पेंड आणि दुसऱ्या बाजूला मका असला तर ही रीत झकास. पण आमच्या गोदामात मका, गव्हाचा भुसा, डीओआरबी म्हणजे तेल काढून घेतलेला तांदळाचा कोंडा, सरकी पेंड, भुईमूग पेंड, सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड, मळी, युरिया, कॅल्साइट, खनिज मिश्रण, मीठ असा बाजार भरलेला. शिवाय भारतीय मानक आयएस 2052 नुसती प्रथिनं बघत नाही. आम्ही बनवायचो त्या टाइप टू खाद्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या खाली नकोत, स्निग्धांश अडीचच्या खाली नको, तंतू 12 च्या वर नकोत, ओलावा 11 च्या वर नको, आणि आम्लात न विरघळणारी राख, जिला प्रयोगशाळेत सगळे ‘सँड सिलिका’ म्हणतात, तीही मर्यादेत हवी. हे सगळं सांभाळून वर टनाचा खर्च कमीत कमी. आणि भाव तर दर आठवड्याला नवे. चौकोनाला कोपरे चारच असतात.

या कामासाठी विकतची सॉफ्टवेअर होती, आजही आहेत. त्यांच्या किमती ऐकून आमच्या अकाउंट्स खात्यानं कोटेशन परत माझ्या टेबलावर आणून ठेवलं, न बोलता.

मला आठवल्या त्या मॅडम. एम.एस्सी.ला त्यांनी आम्हाला ऑपरेशन्स रिसर्च शिकवलं होतं. शिकवणं म्हणजे काय, तर पहिले काही महिने फुलस्केपवर सिम्प्लेक्सची कोष्टकं. कुठला चल आत येणार, कुठला बाहेर जाणार, पिव्हट कुठला, मग सगळी ओळ भागायची, बाकीच्या ओळींतून वजा करायची. एक अपूर्णांक चुकला की पान फाडायचं. आम्ही कुरकुर करायचो. त्यांचं म्हणणं, यंत्र आत काय करतंय हे एकदा बोटांना कळलं पाहिजे, मग आयुष्यभर यंत्राला करू दे. आणि खरंच, एके दिवशी त्यांनी आम्हाला लॅबमधल्या एका जुनाट मशीनपुढे नेलं. त्यावर लिनक्स होतं, आणि काळ्या पडद्यावर त्यांनी एकच ओळ टाइप केली: जीएलपीसॉल, डॅश एम, मॉडेलच्या फाइलचं नाव, डॅश डी, आकड्यांच्या फाइलचं नाव, डॅश ओ, उत्तर जिथं लिहायचं त्या फाइलचं नाव. एंटर. चार ओळी सरकल्या, ‘ऑप्टिमल’ असा शब्द आला, खाली लागलेला वेळ शून्य पूर्णांक शून्य सेकंद. आम्ही ज्या गणितावर आख्खा शनिवार घालवला होता, तेच हे गणित होतं.

कुणीतरी म्हणालं, “मॅडम, मग आम्हाला छळलंत कशाला?”

“उत्तर वाचता यावं म्हणून,” त्या म्हणाल्या आणि उत्तराची फाइल उघडली.

ती फाइल ज्यानं पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. साधा मजकूर असतो, टाइपरायटरवर ठोकल्यासारखा. वर खर्चाचा आकडा. खाली दोन तक्ते: पहिला अटींचा, दुसरा चलांचा. प्रत्येक ओळीला नाव, मग एक-दोन अक्षरांची खूण, मग प्रत्यक्ष किंमत, खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि सगळ्यात शेवटी ‘मार्जिनल’. खूण ‘बी’ असेल तर तो आकडा मर्यादांच्या मध्ये मोकळा आहे, आणि त्याचा शेवटचा रकाना कोरा. खूण ‘एनएल’ असेल तर तो खालच्या मर्यादेला टेकलाय, ‘एनयू’ असेल तर वरच्या. टेकला असेल तर शेवटच्या रकान्यात त्या टेकण्याची किंमत: ही मर्यादा एका एककानं हलवली तर एकूण खर्च किती हलेल. मॅडमची सक्ती अशी की आधी शेवटचा रकाना वाचायचा, उत्तर मागाहून. “किती घालायचं ते कुणीही सांगेल. कुठली अट तुमच्याकडून किती पैसे घेतेय, ते इथं लिहिलंय.”

दुसरी सक्ती मोठ्यानं वाचण्याची. मॉडेल लिहून झालं की ते मराठीत वाचून दाखवायचं: “प्रत्येक घटकासाठी, सगळ्या मालांवर बेरीज, मालातलं त्या घटकाचं प्रमाण गुणिले माल, हे कमीत कमी एवढं.” वाचताना अडखळलात तर लिहिताना चुकला आहात, असं त्या धरून चालत. हे जमतं त्याचं श्रेय खरं तर एएमपीएल या भाषेला. बेल लॅब्जमध्ये 1985 च्या सुमारास रॉबर्ट फोरर, डेव्हिड गे आणि ब्रायन कर्निगन यांनी ती रचली. मॅथप्रॉग तिचाच एक भाग उचलते. फळ्यावर लिहितो तशी बीजगणिताची ओळ फाइलमध्ये लिहायची, एवढीच तिची कल्पना. त्याआधी एमपीएस नावाच्या स्वरूपात मॉडेल लिहीत, पंचकार्डांच्या जमान्यातलं, कुठलं नाव कितव्या रकान्यात सुरू होतं तेसुद्धा ठरलेलं. तसं स्वरूप आजही बहुतेक सॉल्व्हर, म्हणजे असं गणित सोडवणारे प्रोग्राम, वाचतात, पण ते मोठ्यानं वाचून दाखवायला मॅडमनीही सांगितलं नसतं.

तर नोकरीतल्या त्या अडचणीत मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अरे, कोटेशन कसलं मागवतोस? जीएलपीके फुकट आहे. डाएटचं उदाहरण त्याच्याबरोबरच येतं. माणूस काढ, गाय घाल.”

माणूस काढ, गाय घाल. मी अक्षरशः तेच केलं. जीएलपीके म्हणजे लॅबमधलं ते जीएलपीसॉल ज्यात येतं तो संच. त्याच्याबरोबर उदाहरणांचा एक फोल्डर येतो. त्यात सुडोकू आहे, बुद्धिबळाच्या पटावरच्या राण्या आहेत, आणि डाएट नावाची फाइल आहे: 154 पौंड वजनाच्या, बेताची हालचाल करणाऱ्या माणसाला सगळी पोषणद्रव्यं कमीत कमी पैशांत कशी मिळतील. हा प्रश्न जॉर्ज स्टिग्लरनं 1945 मध्ये मांडला. 77 पदार्थ, 9 पोषणद्रव्यं. नेमकी रीत तेव्हा नव्हती, त्यानं अक्कलहुशारीनं 1939 च्या भावांनी वर्षाला 39.93 डॉलर असं उत्तर काढलं. 1947 मध्ये जॉर्ज डॅन्झिगची सिम्प्लेक्स पद्धत आली आणि तिची परीक्षा म्हणून हेच गणित घेतलं गेलं. जॅक लॅडरमन यांच्या देखरेखीखाली नऊ कारकून हातानं चालवायची गणनयंत्रं घेऊन बसले; 120 मनुष्यदिवस लागले. उत्तर 39.69 डॉलर. स्टिग्लरचा अंदाज वर्षाला फक्त 24 सेंटनी चुकला होता. त्या नऊ जणांची नावं मला कुठं वाचायला मिळाली नाहीत. फुलस्केपवर कोष्टकं भरलेली असल्यामुळे त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच वाटतं.

माणसाच्या जागी गाय घातली, पदार्थांच्या जागी आमचं गोदाम घातलं, काळ्या खिडकीत ओळ टाइप केली. यंत्रानं पहिलाच फॉर्म्युला असा दिला की त्यात युरिया रग्गड. कारण सरळ होतं. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 नं गुणतात. युरियात नायट्रोजन 46 टक्के. गुणाकार करा: 287 टक्के प्रथिनं! शंभर किलोत दोनशे सत्त्याऐंशी किलो. एवढा स्वस्त आणि एवढा ‘पौष्टिक’ माल दिसल्यावर कुठलं गणित सोडेल?

डॅन्झिगवर हीच पाळी आली होती, ते पुढं वाचनात आलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. 1950 च्या दशकात, रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना, त्यानं स्वतःचं वजन उतरवायला आहाराचं मॉडेल मांडलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पदार्थाचं पाणी सोडून उरलेलं वजन वाढवायचं, असं उद्दिष्ट ठरवलं. यंत्रानं पहिल्या दिवशी सांगितलं, 500 गॅलन व्हिनेगर पी. माहितीत व्हिनेगरच्या पाण्याचा रकाना शून्य होता. व्हिनेगर काढल्यावर दुसऱ्या दिवशी निघालं, सुपाच्या वड्या खा, 200. मग वरच्या मर्यादा घालणं आलं. सिम्प्लेक्सचा बापच असा फसला, तिथं आपण कोण.

फाइलमधली डॉक्टरांची नोंद इथं सुरू होते. संघाचे जनावरांचे डॉक्टर माझ्या केबिनमध्ये चहाला यायचे. त्यांना तो फॉर्म्युला दाखवला. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “हे खाऊ घातलंस तर सकाळी गोठ्यात मला बोलावू नकोस, पंचनाम्याला बोलव.” मग बसून समजावलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू युरियातला नायट्रोजन घेऊन प्रथिनं बनवतात हे खरं, पण एका मर्यादेपर्यंत, आणि त्यांना सोबत मळीसारखं पटकन पचणारं काहीतरी लागतं. जास्त झालं की अमोनिया रक्तात उतरतो. टनाला 10 किलो, त्याच्या वर जायचं नाही. आणखी एक अट त्यांनीच घातली. एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात फॉर्म्युला फार बदलू नये, गाय नव्या खुराकाला तोंड लावत नाही आणि दूध तुटतं. म्हणजे प्रत्येक माल मागच्या फॉर्म्युल्यापेक्षा 30 किलोहून जास्त वर किंवा खाली जाता कामा नये. गणिताला ‘फरक’ असा थेट कळत नाही. दोन अटी लिहाव्या लागतात, एक वरची, एक खालची. त्या दोन ओळींनी स्वस्ताई थोडी कमी झाली, पण गवळ्यांच्या तक्रारी बंद झाल्या.

आप्पा पेलेट मिलवर, म्हणजे खाद्याच्या कांड्या पाडणाऱ्या यंत्रावर होते. कारखान्यात त्यांच्याइतका जुना माणूस नव्हता. माझ्या कागदाकडे ते संशयानं बघायचे, आणि त्यांचं बरोबर होतं.

“सायेब, कागदावर मळी कितीबी घाला,” ते म्हणाले. “पर शंभराच्या वर गेली की डाय तुंबतीया. मग रातपाळीला मला हातोडा घिऊन बसाय लागतंय.”

“आणि कोंडा, आप्पा?”

“कोंडा लई झाला की कांडी धरत न्हाई. पोत्यात भुगा. शेतकरी भुगा बघितला की पोतं परत आणतोय. तुमचा कंप्युटर भुगा बघतोय का?”

बघत नव्हता. मग मी त्यांच्याकडून आकडे काढून घ्यायला लागलो. किती कोंड्याला कांडी मोडते, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, सरकी किती झाली की मोटर जास्त अँपिअर ओढते. त्यांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण विचारलं की अर्ध्या टक्क्याच्या फरकानं सांगायचे. एकेक ओळ वाढत गेली. पुस्तकातल्या पोषणाच्या अटी पाच-सहाच असतात. खाद्य प्रत्यक्ष बनवता येईल अशा अटी त्याच्या दुप्पट निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेकांपुढे हॅश आप्पा.

पोत्यांचा प्रश्नही त्यांचाच. खनिज मिश्रण आणि मीठ हातानं ओतायचं असे. यंत्र सांगायचं 17.3 किलो. आप्पांनी हात जोडले. “आख्खं पोतं सांगा, न्हाईतर अर्धं. ह्ये तीनाचं मी कुठनं मोजू?” मी मॉडेलमध्ये त्या चलांपुढे ‘इंटिजर’ हा एक शब्द लिहिला, अर्ध्या पोत्याच्या पटीत. वरवर क्षुल्लक दिसतं. आत मात्र गणिताची जात बदलते. आता यंत्र आधी अपूर्णांकाचं उत्तर काढतं, मग ‘एक पोतं किंवा कमी’ आणि ‘दीड किंवा जास्त’ अशा फांद्या फोडत जातं आणि ज्या फांदीत फायदा उरला नाही ती छाटतं. ही रीत 1960 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोघींनी मांडली, ऐल्सा लँड आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्या अ‍ॅलिसन डॉइग. काळ्या पडद्यावर तारांकित ओळींनंतर अधिकच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी येऊ लागल्या की समजायचं, फांद्या फुटताहेत.

पण इंटिजर लिहिल्याबरोबर उत्तराच्या फाइलमधून तो शेवटचा रकानाच गायब झाला. मी मॅडमना फोन लावला, घाबऱ्याघुबऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “जाणारच. पूर्णांकात ‘थोडंसं हलवलं तर’ याला अर्थ राहत नाही. दोनदा चालव. एकदा तसंच, ते आप्पांना दे. एकदा डॅश डॅश नोमिप लावून, ते तू वाच.” नोमिप लावलं की यंत्र पूर्णांकाची अट विसरून जातं आणि रकाना परत येतो. आजतागायत दोनदा चालवतो.

काळ्या खिडकीचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. ती ओळ एका बॅच फाइलमध्ये ठेवली की ज्याला काही येत नाही त्यालाही चालवता येते. भावांची फाइल वेगळी, मॉडेलची वेगळी. आमचा खरेदी क्लार्क सौदे झाले की नोटपॅडमध्ये भाव बदलायचा, डेस्कटॉपवरच्या बॅच फाइलवर दोनदा टिचकी मारायचा, आणि उत्तर कर्रर्र आवाज करत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर यायचं. साधा मजकूर असल्यानं रकाने जिथल्या तिथं. सकाळच्या पाळीला मी जागेवर असायची गरज उरली नाही. मला मात्र आपण अनावश्यक झालो म्हणून किंचित वाईटही वाटलं, ते जाऊ दे.

चेअरमन शेतकरी माणूस. त्यांची अट एकच: भुईमुगाची पेंड टनाला 50 किलो तरी पाहिजेच. पेंड महाग, शिवाय अफ्लाटॉक्सिनसाठी प्रत्येक गाडी तपासावी लागायची. गणिताच्या दृष्टीनं तिची काही गरज नव्हती. मोकळं सोडलं तर यंत्र एक किलोही घेत नव्हतं. मी नोमिपची प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. भुईमूग पेंडीच्या ओळीत ‘एनएल’, आणि मार्जिनल 11.4. म्हणजे सक्तीचा शेवटचा किलो टनामागे 11 रुपये 40 पैसे वाढवतोय. पन्नास किलोचे जास्तीत जास्त 570. त्याहून कमीच, कारण सक्ती सैल करत जावं तसा दर किलोचा फायदा घटत जातो. हे सगळं मी त्यांना समजावलं.

त्यांनी आकड्याभोवती पेननं गोल केला. “म्हणजे वासाचे टनाला पाचशे.”

“वासाचे?”

“पोतं फोडलं की शेतकरी पहिल्यांदा हुंगतो. भुईमुगाचा वास आला पाहिजे. पाचशेला वास मिळतोय ना? राहू दे.”

त्यानंतर दर महिन्याला ते माझ्याकडे फॉर्म्युला मागत नसत, ‘वासाचा आकडा’ मागत. एकदा तो फारच चढला तेव्हा त्यांनी स्वतःच 50 चे 30 केले. मार्जिनल म्हणजे काय हे मी पुढं अनेक पदवीधरांना शिकवलं, पण इतक्या झटकन कुणाला कळलेलं पाहिलं नाही.

2012-13 चा दुष्काळ आठवतो. जत, आटपाडीकडे चारा छावण्या लागल्या होत्या. खाद्याला मागणी प्रचंड आणि गोदामात माल नाही. स्टोअरकीपरनं दिलेले शिल्लक साठ्याचे आकडे मर्यादा म्हणून घातले आणि पडद्यावर आलं: प्रॉब्लेम हॅज नो प्रायमल फीझिबल सोल्युशन. या सगळ्या अटी एकदम पाळणं शक्य नाही. बास, एवढंच. कुठली अट कुठलीशी भांडतेय, त्याचा पत्ता नाही. महाग उत्तर परवडतं; उत्तरच नाही म्हटल्यावर माणसाचे हातपाय गळतात.

मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, “प्रत्येक अटीला एक पळवाट दे. आणि पळवाटेला दंड लाव.” म्हणजे प्रथिनं 200 किलो हवीत, त्याऐवजी प्रथिनं अधिक ‘तूट’ मिळून 200, आणि खर्चात त्या तुटीला जबर भाव. मग यंत्र नाही म्हणू शकत नाही. नाइलाजानं कुठंतरी पळवाट वापरतं, आणि जिथं वापरली तिथं दुखणं. तासाभरात कळलं की तंतूची मर्यादा आणि प्रथिनांची मर्यादा एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत. प्रथिनं सरकीतून आणली तर तंतू वाढतात, आणि सोयाबीनची डीओसी साठ्यात नव्हती. साठ्याच्या ओळीला पळवाट दिली तेव्हा किती टन डीओसी आली तर गाडं सुटेल तो आकडाही मिळाला. चेअरमननी लातूरला फोन लावला. त्या फाइलमध्ये पळवाटांच्या ओळी अजून तशाच आहेत, चांगल्या दिवसांत सगळ्या शून्य.

आणि ज्याला मी कधी भेटलो नाही, भेटणारही नाही, त्याचं काय? जुन्या जीएलपीसॉलला डॅश डॅश व्हर्जन असं विचारलं की तो आपल्या कर्त्याचं नाव सांगायचा: अँड्र्यू माखोरिन, उपयोजित माहितीशास्त्र विभाग, मॉस्को एव्हिएशन इन्स्टिट्यूट. कॉपीराइटची वर्षं 2000 पासून. खाली बजावलेलं असतं, या प्रोग्रामची कसलीही हमी नाही. आणि हा मुक्त आहे, वाटा, बदला. विमानांच्या संस्थेतल्या माणसानं लिहिलेला सॉल्व्हर सांगलीकडच्या म्हशींचा खुराक ठरवतो, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर काय वाटलं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. मूळ कोड उघडून मी कधीमधी वाचतो. सगळा कळत नाही, पण टिपा अशा सविस्तर की पाठ्यपुस्तक वाचतोय असं वाटावं. हॅशपुढं लिहायची सवय मला मॅडमनी नाही लावली. ती या माणसाच्या टिपा वाचून लागली.

हे किती मोठं देणं आहे ते कळायला करमरकरांची गोष्ट बरी. नरेंद्र करमरकर, ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईचे 1978 चे पदवीधर. 1984 मध्ये बेल लॅब्जमधून त्यांनी रेषीय नियोजनाची आतून जाणारी पद्धत मांडली. सिम्प्लेक्स कडेकडेनं, कोपऱ्याकोपऱ्यानं चालतं. ही आतल्या मोकळ्या जागेतून वाट काढते. मॅडम हे शिकवत तेव्हा वर्गात आम्ही उगाचच कॉलर ताठ करायचो, ‘आपला करमरकर’ म्हणून. मॅडम सरळ पुढचं सांगत: कंपनीनं त्या पद्धतीचं पेटंट काढलं, आणि तिच्यावर उभारलेल्या कॉर्बेक्स या यंत्रणेची किंमत लावली 89 लाख डॉलर. आज तशाच आतून जाणाऱ्या पद्धतीसाठी मी जीएलपीसॉलपुढे डॅश डॅश इंटेरिअर लिहितो आणि एक पैसा देत नाही. आमच्यासारख्या चिमुकल्या मॉडेलला तिचा उपयोग नाही, हेही खरं. सिम्प्लेक्स स्वच्छ शून्य देतं. ही पद्धत दशांशचिन्हानंतर आठ-नऊ शून्यं देऊन पुढं काहीतरी शेपूट ठेवते, आणि दोन माल सारखेच परवडत असले तर मधलाच काहीतरी काला करते. आप्पांना ते चाललं नसतं.

पुढं ऑफिसात नवी मुलं आली. ती म्हणतात, सर, हाइज हा सॉल्व्हर घ्या, एडिंबराचा आहे, जास्त वेगवान. खरं आहे. जीएलपीकेची 5.0 आवृत्ती तर 2020 च्या डिसेंबरातली. पण जे काम पापणी लवायच्या आत होतं, ते आणखी वेगानं करून काय करू?

मागच्या दिवाळीत मॅडमकडे गेलो होतो. फराळाचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुझी गाय कशी आहे?” मी पिशवीतून प्रिंट काढली, नेलीच होती. त्यांनी भिंग घेतलं आणि नेहमीप्रमाणे उजवीकडून वाचायला सुरुवात केली. युरिया, टेकलेला. मळी, टेकलेली. वासाचा आकडा बघून हसल्या, ती गोष्ट त्यांना माहीत होती. मग बोट थांबलं.

“फॉस्फरसच्या पुढं काहीच नाही.”

“कोंड्यातूनच भरपूर येतो, मॅडम. अट कधी टेकतच नाही.”

“मग ठेवलीस कशाला?”

“पावसाळ्यात कोंडा महागतो. यंत्र कोंडा कमी करतं, तेव्हा टेकते.”

“तेव्हा किती?”

मला आठवेना. त्यांनी प्रिंट घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, पावसाळ्यातली घेऊन ये.